नवरी मंडपात येताना काय वाजवावं?

पत्र: माझं लग्न वैशाखात आहे. मुहूर्त दुपारी १२ वाजून २१ मिनिटांचा, कार्यालय नाशिकमध्ये, माणसं साधारण चारशे. बाबांनी सनई-चौघड्याची सुपारी परस्पर देऊन टाकली आहे. मला मात्र मामा मंडपात घेऊन येईल तेव्हा माझं आवडतं जुनं भावगीत लागायला हवं आहे. चुलतभाऊ म्हणतो, इंग्रजी सिनेमात नवरी येताना वाजतं तेच लाव, सगळ्यांना लगेच कळतं. दारापासून स्टेजपर्यंत तीस मीटर तरी अंतर आहे. मंगलाष्टकं आत्या आणि दोन मावश्या म्हणणार आहेत. शिवाय कार्यालयाचा मॅनेजर गाण्यांचं लायसन्स काढायला सांगतो आहे. काय निवडू आणि कसं जमवू? — एक वधू, नाशिक

उत्तर: भावगीत की सनई यावर घरात बरंच रण माजलेलं दिसतं, पण तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की जे काही वाजेल ते थांबणार कुठे आणि कसं. चर्चमधल्या लग्नात नवरी वेदीपाशी पोचेपर्यंत ऑर्गन वाजतो आणि ती पोचली की विधी सुरू होतो. दोन मिनिटं पुढे-मागे झाली तरी कुणाचं काही अडत नाही. तुम्ही मात्र घड्याळातल्या एका ठरलेल्या मिनिटाकडे चालत येणार आहात. १२.२१ ला अंतरपाट खाली आलाच पाहिजे. म्हणजे तुमच्या चालण्याच्या संगीताला लांबता आलं पाहिजे, आटपता आलं पाहिजे आणि सांगितल्या क्षणी, मध्येच तुटल्यासारखं न वाटता, थांबता आलं पाहिजे. या कसोटीवर आवडती गाणी बहुधा नापास होतात. ती वाईट असतात म्हणून नव्हे, ठरावीक लांबीची असतात म्हणून.

तेव्हा हिशेब उलट्या बाजूनं मांडा. शार्दूलविक्रीडित वृत्तातल्या मंगलाष्टकाच्या एका ओळीत १९ अक्षरं, चार ओळींची ७६. घाई न करता, शेवटी ‘सावधान’ला सगळ्यांचा सूर मिळवत म्हटलं तर एका अष्टकाला पाऊण ते एक मिनिट लागतं. तिघींची दोन-दोन आणि शेवटचं गुरुजींचं ‘तदेव लग्नं’ धरलं, तर माइक या हातातून त्या हातात जाण्याच्या वेळेसह आठ-नऊ मिनिटं होतात. म्हणजे पहिलं अष्टक १२.१२ ला सुरू व्हायला हवं. त्याआधी पाटावर उभं राहणं, हातात हार देणं, पदर सारखा करणं, मामांनी मागे उभं राहणं, यात तीन मिनिटं जातात. चालायला अडीच मिनिटं. म्हणून दारातून तुमचं पहिलं पाऊल १२.०६ ला पडलं पाहिजे, आणि तुम्ही दाराआड बाराच्या ठोक्याला उभ्या असायला हव्यात. गौरीहराची पूजा पावणेबारापर्यंत आटोपेल असं गुरुजींना आधीच सांगून ठेवा, कारण उशीर होतो तो बहुतेक वेळा तिथेच.

उशीर झालाच तर काय वगळायचं हेही आधी ठरलेलं असू द्या: दोन्ही मावश्यांचं दुसरं अष्टक. आत्यांचं नको, पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल. वेळ उरली तर चिंता नाही. जादा अष्टकं म्हणून मुहूर्त गाठणं कुठल्याही अनुभवी गुरुजींच्या हातचा मळ असतो.

आता चालण्याचं माप. नऊवारी किंवा जड पैठणी, नवी चप्पल किंवा अनवाणी पाय आणि हाताला धरलेले मामा, अशा थाटात मिनिटाला ४५ च्या आसपास पावलं पडतात, आणि एक पाऊल फार तर ४० सेंटिमीटरचं. म्हणजे मिनिटाला अठरा मीटर. तीस मीटरला शंभर सेकंद, स्टेजच्या पायऱ्यांना पंधरा आणि फोटोग्राफर ‘एक मिनिट, इकडे’ म्हणेल त्याला पंधरा. दोन मिनिटं दहा सेकंदांच्या खाली हे बसत नाही. कार्यालयात जाऊन एकदा प्रत्यक्ष चालून बघा, साडी नेसून. पंजाबी ड्रेसमध्ये केलेली तालीम अर्ध्या वेळात संपते आणि सगळा हिशेब चुकतो.

गाण्याची लय या पावलांना जुळते का, ते घड्याळ लावून मोजा. मिनिटाला ८५ ते ९५ ठोके असतील तर एकाआड एक ठोक्यावर पाऊल आपोआप पडतं. ११० च्या पुढे गेलं की नवरी नकळत भराभर चालू लागते आणि मागच्या करवल्यांची धावपळ होते. केरवा ताल चालतो. दादरा तर फार छान, कारण सहा मात्रांत पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर अशी दोन पावलं सारख्या अंतरानं बसतात. रूपक टाळा. त्याच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा विभागलेल्या असल्यानं पावलांचं अंतर सारखं राहत नाही आणि चाल अडखळल्यासारखी दिसते.

शब्दही नीट तपासा, आणि फक्त ध्रुवपदाचे नव्हे. लग्नाची म्हणून ठाऊक असलेली कितीतरी मराठी-हिंदी गाणी खरं तर पाठवणीची आहेत. माहेर सुटतं आहे, अंगण सुनं झालं आहे, असं दुसऱ्या अंतऱ्यात येतं, आणि अक्षता पडायच्या आधीच तुमची आई पदर डोळ्यांना लावते. भावगीतांत विरह तर पावलोपावली. तुमचं गाणं कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सगळे अंतरे कागदावर उतरवून एकदा मोठ्यानं वाचा.

चुलतभावाची सूचना मात्र आम्ही बाजूला ठेवू. ती धून जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ या ऑपेरातली आहे. ऑपेरा १८५० मध्ये वायमारला पहिल्यांदा झाला. त्यात हे समूहगीत नवरी लग्नाला येताना नाही, लग्न लागल्यावर जोडप्याला शयनगृहात पोचवताना येतं, आणि त्याच रात्री त्या दोघांचं बिनसतं. चर्चच्या लांब वाटेवर, ऑर्गनवर ती शोभून दिसते. नाशिकच्या कार्यालयात कीबोर्डवर वाजली की लोक खुदकन हसतात, आणि तेव्हा तुम्ही नेमक्या मधल्या वाटेत असता.

आता सनईबद्दल. आमचा कौल सनईच्या बाजूनं आहे, पण बाबांनी सुपारी दिली म्हणून नव्हे. हाताच्या एका खुणेवर थांबू शकणारं, फोटोग्राफरनं अडवलं तर तीच ओळ आणखी दोनदा घोळवणारं, आणि मामांचा पाय पायरीवर अडखळला तर सांभाळून घेणारं दुसरं काही तुमच्या मंडपात असणार नाही. यातून मधला मार्गही निघतो: तुमच्या भावगीताचं ध्रुवपद सनईवर. त्यासाठी वादकांना निदान तीन आठवडे आधी गाण्याचं ध्वनिमुद्रण पाठवा आणि वाजवलेलं परत मागवून ऐका. ‘हो ताई, येतं’ एवढ्यावर विसंबू नका. सनईचा षड्ज वाद्याच्या लांबीनं जवळजवळ ठरलेला असतो, त्यामुळे गाणं मूळ पट्टीत येणार नाही. त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते चालीची झेप फार मोठी असली तर, किंवा गाण्याची सगळी गंमत गिटार-पियानोच्या सुरावटीत असली तर. तसं गाणं सनईवर पोरकं वाटतं. तुमचं गाणं जुन्या वळणाचं, म्हणजे चाल मुख्य आणि साथ मागे, असं असेल तर ते सनईला मानवेल.

ताफ्यात कोण कोण येणार ते विचारा. मुख्य सनई, सूर धरणारा आणि चौघडा वाजवणारा, असे तिघं तरी हवेत. खर्च वाचवायला सूर धरणाऱ्याला वगळून यंत्राचा सूर लावतात. चालतं, पण यंत्र सनईशी नीट मिळवलं नाही तर दोन तास कान किटतात. वाद्य तापून, पत्ती ओली होऊन सूर लागायला पंधरा-वीस मिनिटं जातात. पाहुणे अकरापासून येणार असतील तर वादक साडेदहाला जागेवर हवेत. त्यांची बैठक दाराजवळ, तुमच्या वाटेच्या एका बाजूला आणि स्टेज दिसेल अशी मांडा. स्टेजखाली बसवलं तर गुरुजींच्या माइकमध्ये सनई शिरते. सनई मुळातच खणखणीत. चारशे माणसांच्या बंद सभागृहात मुख्य सनईला माइक नसला तरी चालतं. द्यायचाच तर वाद्याच्या तोंडासमोर नको, हातभर लांब आणि जरा बाजूला ठेवा.

राग वेळेप्रमाणे सांगता आले तर सांगा. सकाळी पाहुणे येत असताना अहिर भैरव, तोडी किंवा अल्हैया बिलावल. तुमचा मुहूर्त भर दुपारचा, म्हणजे सारंगाचं कुळ: वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग, गौड सारंग. यांत वृंदावनी सारंग आम्हांला सर्वांत वरचा वाटतो. सरळ आहे, उजेडाचा आहे, आणि चौघड्यावर मध्य लयीत फार खुलतो. जाता जाता, गोरज मुहूर्तावर लग्न असलेल्या वाचकांसाठी: त्या वेळेचे मारवा, श्री, पूर्वी शास्त्राला धरून असले तरी नवरीच्या पावलांना जड जातात. पूरिया कल्याण किंवा थोडं थांबून यमन मागा. आणि भैरवी कुठल्याही लग्नात शेवटी. मैफल संपल्याची ती खूण, पाठवणीच्या वेळी अगदी बरोबर. सनईच्या ध्वनिमुद्रणांच्या संचातही शेवटी बहुधा भैरवीच असते, आणि यादी आपली आपण पुढे सरकत राहिली की ऐन मुहूर्ताआधी ती वाजू लागते. बिस्मिल्ला खाँसाहेबांची रेकॉर्ड लावणार असाल तर आणखी एक गोष्ट. सुरुवातीला संथ आलाप असतो, तबला नसतो. पाहुणे स्थिरस्थावर होताना तो सुंदर, पण चालायला गत सुरू होते तिथून लावावं लागतं.

‘नाही, मला शब्द हवेतच’ असं तुमचं मन म्हणत असेल, तर ध्वनिमुद्रणच लावा, पण मूळ फाइल तशीच्या तशी लावू नका. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरे. सुरुवातीचं वाद्यसंगीत, ध्रुवपद, पहिला अंतरा आणि पुन्हा ध्रुवपद, असा अडीच मिनिटांचा तुकडा करा. तबकड्यांच्या जमान्यातलं गाणं असेल तर सोपं जाईल, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूत तीन-साडेतीन मिनिटंच मावत आणि गाणी त्या मापानंच बांधलेली असत. या तुकड्याच्या शेवटी नुसत्या वाद्यांची एक छोटी जागा चार-पाच वेळा जोडून मिनिटभराची शेपटी ठेवा. उशीर झाला तर ती वाजत राहील, नाही झाला तर कुणाला कळणारही नाही. जोड नेहमी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर द्या, नाहीतर लय उडी मारते. सुरुवातीची वाद्यं दार बंद असतानाच सुरू करा. लोक माना वळवतात, मोबाइल काढतात, बोलणं थांबतं, आणि गायिकेचा पहिला शब्द येतो तेव्हा तुमचं पाऊल आत पडतं. दार उघडल्यावर गाणं लावलं तर निम्मी वाट ‘आली का, आली का’ मध्येच सरते. शेवटी आवाज चार-पाच सेकंदांत हळूहळू उतरवायचा, तोही ओळ संपल्यावर. शब्दाच्या मध्ये कापलेलं गाणं ही लग्नातली नेहमीची चूक. कारण एवढंच, की साऊंडवाल्याला गाणं पाठ नसतं. ओळीचे शब्द कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवा.

दोन पेनड्राइव्ह करा आणि दोन्ही एफएटी ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेले असू द्या, कारण मिक्सरला जोडलेल्या बऱ्याच प्लेअरना एनटीएफएस वाचता येत नाही. त्यांवर त्या दिवशीची गाणी सोडून काहीही नको, नावं ०१, ०२ अशी. मोबाइल ही तिसरी सोय: विमान मोडवर, गाणी आधी उतरवून घेतलेली आणि वायर जोडून. ब्लूटूथ नको, चारशे माणसांच्या खिशातल्या मोबाइलच्या गर्दीत ते तुटतं. यूट्यूबवरून थेट तर मुळीच नको. जाहिरात नेमकी केव्हा येईल हे त्या गणपतीलाही ठाऊक नसतं. आणखी एक बारीक अडचण: काही जुन्या स्टिरिओ गाण्यांत आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला ठेवलेली असतात. कार्यालयात एकच वायर जोडलेली असेल तर गायिकाच गायब होते. फाइल आधीच मोनो करून न्या, प्रश्न मिटला.

खुणा तीनच माणसांच्या हाती ठेवा: दाराशी एक, साऊंडवाल्याजवळ एक आणि स्टेजवर गुरुजी. दाराजवळचा माणूस साऊंडजवळच्याला दिसत नसेल तर दोघांनी फोन चालू ठेवून कानाला लावावा. व्हॉट्सॲपचा निरोप अशा वेळी दहा मिनिटांनी वाचला जातो. आधी अंतरपाट धरला जाईल, मगच दाराला खूण. नवरदेवानं अंतरपाटाआधी नवरीला पाहू नये असं मानणाऱ्या घरांत हा क्रम चुकला की संगीत कितीही सुरेल असो, दिवसभर तोच विषय पुरतो. अक्षतांचं वाटप बाराच्या आत संपवा, नाहीतर वाटणारी मुलं तुमच्या वाटेतच उभी असतात.

पाटावर उभ्या राहिल्यावर संगीत पूर्ण बंद करा आणि पंधरा सेकंद शांतता राहू द्या. हे फार थोड्या कार्यालयांत पाळलं जातं. मागे काहीतरी मंद वाजत ठेवायची हौस साऊंडवाल्यांना असते आणि मग मंगलाष्टक म्हणणारी त्या पट्टीकडे ओढली जाते. बायकांचा आवाज साधारण हार्मोनियमच्या काळी चार-पाचच्या आसपास मोकळा लागतो. गाणं पांढरी एकमध्ये संपलं असेल तर आत्यांचं पहिलं अष्टक घशात अडकतं किंवा तिसऱ्या ओळीत गगनाला भिडतं. तिघींना एकत्र बसवून एक पट्टी ठरवा आणि मोबाइलवरच्या तानपुऱ्याचा सूर सुरू करण्याआधी त्यांच्या कानाशी धरा. सुरुवात तिघींपैकी ज्यांना स्टेजची भीती नाही त्यांनी करावी, मान कुणाचा का असेना. वाजंत्र्यांनी या वेळात गप्प राहायचं असतं. आलेली लग्नघडी वर्णन करणाऱ्या एका प्रचलित मंगलाष्टकातच वाजंत्र्यांना फार गलबला न करण्याची ताकीद आहे, म्हणजे ही तक्रार आजची नाही. चौघड्याला पहिली थाप अंतरपाट खाली गेल्यावरच, आणि ती खूण गुरुजींची. ‘सावधान’ ऐकून सुरू करू नका असं वादकांना स्पष्ट सांगा, कारण तो शब्द प्रत्येक अष्टकाच्या शेवटी येतो.

तुतारी हवी असेल तर दार उघडण्याआधी दहा-पंधरा सेकंद, एवढीच. तिचा सूर सनईशी जुळेलच असं नाही, म्हणून दोहोंत श्वासभर अंतर ठेवा. ढोल-ताशा बंद सभागृहात नकोच, बाहेर खुशाल.

लायसन्सबद्दल: कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ (१) (झेडए) मध्ये धार्मिक समारंभात गाणी वाजवणं हा कॉपीराइटचा भंग मानलेला नाही, आणि लग्नाची मिरवणूक व लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ त्यातच धरले आहेत. केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागानं २४ जुलै २०२३ ला जाहीर सूचना काढून हेच स्पष्ट केलं. तिची प्रत मॅनेजरला दाखवा. हा लाउडस्पीकरचा परवाना नव्हे, हे लक्षात असू द्या. वरात संध्याकाळी निघणार असेल तर उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद, तो नियम वेगळा आहे. परदेशातल्या नातेवाइकांसाठी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणार असाल तर तिथली यंत्रणा हे भारतीय कलम पाहत नाही. गाणं ओळखलं की आवाज बंद होऊ शकतो किंवा प्रक्षेपणच थांबू शकतं. त्यांना झूमची लिंक द्या, आणि आवाज कॅमेऱ्याच्या माइकवरून न घेता थेट मिक्सरमधून घ्यायला सांगा.

राहिली वीज. वैशाखातली दुपार, सगळे एसी चालू. वीज गेली तर जनरेटर काही सेकंदांत सुरू होतो, पण डिजिटल मिक्सर पुन्हा उठायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. साऊंडवाल्याला मिक्सर आणि प्लेअर यूपीएसवर ठेवायला सांगा. तुम्ही ध्वनिमुद्रण निवडलं तरी सनईवाल्यांना तुमच्या गाण्याचं ध्रुवपद बसवून ठेवायला सांगा, आणि नवरी वाटेत असताना स्पीकर बंद पडला तर कुणाला न विचारता उचलायचं, हेही सुपारीच्या वेळीच ठरवा.